चूक दिसायची कुठे? एक्स-रे इंटर्नच्या सरावाची पार्श्वभूमी

१८९५मध्ये रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले. पुढची काही वर्षं नळी तपासायची रीत साधी होती: चमकणाऱ्या पडद्यासमोर स्वतःचा हात धरायचा आणि हाडं कशी दिसतात त्यावरून नळी ‘कडक’ की ‘मऊ’, म्हणजे तिचे किरण जास्त भेदक की कमी, हे ठरवायचं. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली नळ्यांवर असंच काम करत राहिले. त्यांचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४मध्ये ते वारले. त्याच सुमारास हाताचा सांगाडा पडद्यासमोर ठेवून नळी तपासायला सुरुवात झाली. आजच्या फँटमचा, म्हणजे सरावासाठीच्या मानवी अवयवाच्या प्रतिकृतीचा, हा पूर्वज. फँटममध्ये हाडं असतात आणि बाहेर ऊतींइतकेच किरण शोषणारं प्लास्टिक. केवळ शिकण्यासाठी माणसावर एक्सपोजर, म्हणजे किरणांचा मारा, द्यायचं नसतं, म्हणून तो लागतो.

फिल्मच्या काळात मात्र खरा शिक्षक डार्क रूममध्ये होता. एमएएस (नळीतला विद्युतप्रवाह गुणिले वेळ, म्हणजे किरणांचं प्रमाण) कमी पडला की फिल्म फिकी, जास्त झाला की काळी. फिल्म डेव्हलपरमधून बाहेर आली की चूक समोरच दिसे, कुणी काही सांगायची गरजच नसे. १९८०च्या दशकात कॉम्प्युटेड रेडिओग्राफी, म्हणजे फिल्मऐवजी संगणकावर फोटो, आली आणि हा धडा बुजला. सॉफ्टवेअर उजळपणा आपोआप जुळवून घेतं. दुप्पट डोस दिला तरी फोटो छानच दिसतो, उलट कण कमी दिसतात म्हणून जास्तच आवडतो. कमी डोसचा फोटो दाणेदार येतो, त्यावर ओरडा बसतो. मग इंटर्न ‘थोडं वाढवूनच ठेवू’ शिकतो आणि डोस हळूहळू चढत जातो. कॉलिमेशनचं, म्हणजे किरणांचं क्षेत्र हव्या तेवढ्याच भागापुरतं आवळण्याचं, तसंच: फोटो नंतर कापता येतो, त्यामुळे मोठं उघडलेलं क्षेत्र कुणाला दिसतच नाही.

२००८च्या आंतरराष्ट्रीय मानकाने यावर उपाय म्हणून डेव्हिएशन इंडेक्स, म्हणजे डीआय, ठरवून दिला. ठरलेल्या लक्ष्याइतकं एक्सपोजर डिटेक्टरवर पडलं तर डीआय शून्य, दुप्पट पडलं तर +३, निम्मं पडलं तर −३. फिल्मचा काळेपणा आता आकड्यात आला. पण आकडा पडद्याच्या कोपऱ्यात असतो. तिकडे बोट दाखवणारं कुणीतरी लागतं. इंटर्नच्या छातीवरचा टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला) हे काम करत नाही. तो इंटर्नचा स्वतःचा डोस सांगतो, तोही सहसा तीन महिन्यांनी.

बोट दाखवायची शिस्त वैद्यकीय शिक्षणातून आली. १९७५मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीचे रोनाल्ड हार्डन यांनी ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा मांडली: वेगवेगळी स्टेशनं, ठरलेला वेळ, परीक्षकाच्या हाती चेकलिस्ट. रेडिओग्राफीला हे चांगलं जुळतं. नाव व बाजू पडताळणं, गरोदरपणाबद्दल विचारणं, डाव्या-उजव्या बाजूचा मार्कर लावणं, श्वासाची सूचना, प्रत्येकाला हो किंवा नाही. यातली निम्मी कामं फँटमवर शिकताच येत नाहीत, कारण तो श्वास घेत नाही की घाबरत नाही. त्यासाठी रुग्णाची भूमिका करणारा माणूस हवा, एक्सपोजर न देता. फक्त फँटमवर घोटलेला इंटर्न वॉर्डात ‘श्वास रोखा’ म्हणायला विसरतो आणि बरगड्या धूसर येतात.

फीडबॅकची एक पायरी बहुतेक ठिकाणी सुटते: फँटम हलवण्याआधी बोलणं. समजा छातीचा पीए (पाठीकडून पुढे किरण जाणारा) फोटो आहे, एईसी (एक्सपोजर आपोआप थांबवणारी यंत्रणा) बंद आहे. एमएएस १८० सेंमीसाठी लावला, पण नळी १०० सेंमीवरच राहिली. एक्सपोजर अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, म्हणून ते ३.२४ पट झालं, म्हणजे डीआय जवळपास +५. फोटो स्वच्छ आहे, फक्त नळी जवळ असल्याने हृदय जरा मोठं वाटतंय. प्रशिक्षकाने लगेच ‘अंतर चुकलं’ म्हणू नये. ‘डीआय वाच. हृदय मोठं का दिसतंय?’ एवढंच विचारावं. नळी अजून तिथेच आहे, टेप लावून अंतर मोजता येतं. मग नळी १८०वर नेऊन तोच एक्सपोजर पुन्हा घ्यायचा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहायचे.