कृष्णेचा पूर: पार्श्वभूमी

पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात, "आयर्विनला किती फूट?" १९२९ साली झालेल्या कृष्णेवरच्या या आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांवर गेले, तेव्हा यापेक्षा मोठा पूर येणार नाही असे अनेकांना वाटले होते. २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेले. ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून माणसे बुडाली, ती याच पुरात. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा महापूर आला.

कृष्णेला पूर नवा नाही. महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावर कोसळणारे पाणी कराडला कोयनेसह खाली येते आणि पुढे सपाट प्रदेशात त्याचा वेग मंदावतो. सांगलीच्या अगदी खाली, हरिपूरला, वारणा मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा. तिन्ही नद्या एकदम फुगल्या की संगमावर पाण्याला वाट उरत नाही आणि फुगवटा मागे शहरात शिरतो. पुराच्या गाळानेच नदीकाठच्या मळीच्या जमिनी सुपीक झाल्या. नृसिंहवाडीत तर दत्तमंदिरात शिरलेले पाणी दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक स्नानाला गर्दी करतात.

मग धरणे झाली. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), पण ते बांधले विजेसाठी. इतर धरणे मुख्यतः सिंचनासाठी. पूर अडवायचा तर ऑगस्टमध्ये धरणात जागा रिकामी हवी आणि वीज-सिंचनासाठी ते भरलेले हवे. ही ओढाताण मला सगळ्या वादाच्या मुळाशी दिसते. दरम्यान शहरे पूररेषेच्या आत सरकली. सांगलीच्या सखल भागांत घरे उभी राहिली आणि पाण्याला पसरायला जागा कमी झाली.

२००५ पासून बोट कर्नाटकातील, कृष्णेवरच्याच अलमट्टी धरणाकडे दाखवले जाते: त्याच्या फुगवट्याने पाणी मागे तुंबते, असा आरोप आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. तरीही अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याला सांगली-कोल्हापुरात कडाडून विरोध आहे. ज्यांच्या घरात छतापर्यंत पाणी चढले, त्यांची ही भीती समजून घ्यायलाच हवी.