फवारणी पंपाची बॅटरी उन्हाळ्यात का मरते?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कपाशीच्या फवारणीसाठी पाठीवरचा बॅटरी पंप आता सर्रास वापरला जातो. त्यातील बॅटरी बहुधा 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तास क्षमतेची, सीलबंद, शिसे आणि आम्लावर चालणारी असते. दिवाळीच्या आसपास फवारणी संपली की पंप धुऊन खळ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये टांगला जातो आणि थेट मृगाच्या तोंडावर खाली काढला जातो. त्या वेळी चार्जर लावल्यावर दिवा थोड्याच वेळात हिरवा होतो, मात्र शेतात पहिली टाकी संपण्याआधीच मोटारीचा आवाज बसतो. मग फवारणीच्या कामानेच बॅटरी झिजली असे समजून नवी विकत घेतली जाते. माझ्या मते यातील बऱ्याच बॅटऱ्या कामाने मेलेल्या नसतात. त्या रिकाम्या अवस्थेत उन्हाळाभर पडून राहिल्याने मेलेल्या असतात, आणि घरच्या टेबलावर थोडी साधने असलेल्या कोणालाही हे स्वतः पडताळून पाहता येते.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये ही बॅटरी तयार केली आणि तिचे मूळ रसायन आजही तेच आहे. एका पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये सौम्य गंधकाम्ल अशी तिची रचना असते. वीज काढली जात असताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंगमध्ये हीच क्रिया उलट फिरते. ताजे सल्फेट अतिशय बारीक कणांचे असल्यामुळे ते सहज विरघळते. बॅटरी तशीच रिकामी पडून राहिली, तर बारीक कण विरघळून मोठ्या स्फटिकांवर जमत जातात, आणि पिठीसाखरेपेक्षा खडीसाखर विरघळायला जसा फार वेळ लागतो, तसे हे मोठे स्फटिक चार्जरला दाद देत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. उरलेला थोडा भाग लवकर भरतो, म्हणूनच जूनमध्ये चार्जरचा दिवा इतक्या लवकर हिरवा होतो.

आता यात खानदेशच्या उन्हाळ्याची भर घालावी लागेल. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहूनही अधिक तापते. सीलबंद बॅटरी 25 अंशांना दर महिन्याला सुमारे 3 टक्के वीज आपोआप गमावते आणि तापमान 10 अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे 45 अंशांना तो चौपटीच्या घरात जातो. त्याच हिशेबाने आयुष्यही दर 10 अंशांमागे निम्म्यावर येते. यावरचा उपाय मात्र अगदी सोपा आहे: शेवटची फवारणी झाली की त्याच दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, पंपापासून सोडवून घरातल्या गार खोलीत ठेवावी, संक्रांतीला आणि होळीला एकेकदा चार्ज करावी, आणि त्यानंतर ऊन वाढत असल्याने आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) महिना पुरा होण्याची वाट न पाहता त्याआधीच पुन्हा चार्ज करावी.

बॅटरी कितपत शिल्लक आहे, हे नुसत्या मल्टिमीटरने कळत नाही. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवलेली चांगली बॅटरी 12.7 ते 12.9 व्होल्ट दाखवते, पण सल्फेटने भरलेली बॅटरीही चार्जरवरून काढल्यानंतर असाच फसवा आकडा दाखवू शकते, कारण मीटर तिच्याकडून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. म्हणून तिला भार द्यावा. मोटरसायकलच्या हेडलाइटचा 12 व्होल्ट, 35 वॉटचा बल्ब सुमारे 3 अँपिअर घेतो. मीटरच्या पिना बॅटरीच्या टोकांवर धरून हा बल्ब लावला, की चांगल्या बॅटरीचा आकडा थोडा उतरून 12 च्या वर स्थिरावतो. खराब बॅटरीचा आकडा डोळ्यांदेखत 11, 10 असा घसरत जातो आणि बल्ब पिवळा पडतो. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे.

खरी क्षमता मोजायची असेल तर वेळ द्यावा लागतो. बॅटरीवर छापलेले 8 अँपिअर-तास साधारणपणे 20 तासांच्या हिशेबाने असतात, म्हणजे 0.4 अँपिअर प्रवाह 20 तास. गाडीच्या पार्किंग लाइटचा 12 व्होल्ट, 5 वॉटचा बल्ब जवळपास एवढाच प्रवाह घेतो. तो लावून घड्याळ पाहावे आणि 10.5 व्होल्टला थांबावे. बल्ब 8 तासच जळला तर क्षमता 40 टक्क्यांवर आली आहे. मोजणीनंतर लगेच चार्जिंग करावे, नाहीतर परीक्षाच बॅटरीला मारेल. आणखी एक काळजी घ्यावी: मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या छिद्रात असताना पिना बॅटरीला लावू नयेत. तो थेट शॉर्ट असतो, आणि त्यात वायर व बोटे दोन्ही भाजतात.

कित्येकदा दोष बॅटरीत नसतो, जोडणीत असतो. औषधाच्या तुषारांनी तांब्याच्या वायरवर हिरवट थर चढतो आणि पंपाच्या हादऱ्यांनी जोड सैल होतो. अशी वायर चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापावी आणि मगच सोल्डर करावी. सोल्डर वायरच्या पोटातली राळ तांब्यावरचा पातळ ऑक्साइड काढते, त्यामुळे वितळलेले कथील तांब्याशी खरोखर एकजीव होते. थर जाड असेल तर राळेला ते जमत नाही. वायर तापवावी आणि सोल्डर वायरला लावावे, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला लावून वर थापू नये. बॅटरीच्या पत्रीवर मात्र सोल्डर न करता दाबून बसवलेला लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची टोपी) वापरावा, कारण ती उष्णता आतल्या सीलपर्यंत पोहोचते.

अलीकडे अनेक हौशी मंडळी जुन्या शिशाच्या बॅटरीच्या जागी लिथियम सेल बसवतात. वजन फार कमी होते, हे खरेच. परंतु इथे एक हिशेब चुकला तर आग लागू शकते. लॅपटॉपमधून काढलेले तीन सेल ओळीने जोडले तर प्रत्येकी 4.2 प्रमाणे त्यांची कमाल मर्यादा 12.6 व्होल्ट होते. पंपासोबतचा जुना चार्जर 14.4 व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे प्रत्येक सेलवर 4.8 व्होल्ट. बाजारात ज्याला बीएमएस म्हणतात ते संरक्षक सर्किट हा प्रवाह तोडते, पण त्याची भूमिका शेवटच्या आधाराची आहे. चार्जर बदललाच पाहिजे. शिवाय या सेलना थेट सोल्डर करणे धोक्याचे आहे. आयर्नचे टोक 350 अंशांच्या आसपास असते आणि सेलच्या आतला पॉलिथिलीनचा पडदा सुमारे 130 अंशांना वितळतो. त्यांना निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच लावावी.

आपल्याकडच्या उन्हात मला लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल अधिक योग्य वाटतात. त्यातील फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे अति तापल्यावरही ते इतर लिथियम सेलइतके सहज पेट घेत नाहीत. चार सेलची पूर्ण पातळी 14.6 व्होल्ट येते. साठवणुकीचा नियम मात्र शिशाच्या अगदी उलट आहे: शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची, तर कोणतीही लिथियम बॅटरी निम्म्याच्या आसपास. बहुतेक लिथियम सेलची चार्जिंगची मर्यादा 45 अंश असते, आणि मेच्या दुपारी आपल्याकडची हवाच तितकी असते. म्हणून चार्जिंग पहाटे करावे.

काढून टाकलेली शिशाची बॅटरी घरी फोडू नये, आम्ल जमिनीवर ओतू नये आणि शिसे चुलीवर वितळवू नये. त्याची धूळ व धूर मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतात. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसेही वळते करून देतो.