सिटी अकॅडमी, सेंट पॉल

अमेरिकेत प्रत्यक्ष वर्ग भरलेली पहिली चार्टर शाळा. मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल. तिथल्या ईस्ट साइड या कष्टकऱ्यांच्या भागात, महापालिकेच्या एका मनोरंजन केंद्रात ही शाळा सप्टेंबर १९९२ मध्ये सुरू झाली. मायलो कटर आणि टेरी क्राबेल हे दोन शिक्षक तिचे संस्थापक. पहिल्या वर्षीचा पट होता सुमारे ३५. ही सगळी मुले आधीच्या शाळेतून गळालेली होती.

चार्टर म्हणजे सनद. शाळा चालवणाऱ्यांनी ठरावीक मुदतीत काय साध्य करायचे, हे सनदेत लिहिलेले असते. त्या बदल्यात त्यांना स्थानिक शिक्षण मंडळाच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, बऱ्याच नियमांतून मोकळीक मिळते आणि निकाल दाखवता आले नाहीत तर सनद काढून घेता येते. शाळा सार्वजनिकच राहते. फी नाही, धार्मिक शिक्षण नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. मिनेसोटाने असा कायदा देशात सर्वांत आधी, १९९१ मध्ये केला. त्यात सुरुवातीला राज्यभरात फक्त आठ शाळांना वाव होता, आणि संचालक मंडळात शिक्षकांचे बहुमत असावे अशी अट होती. ही अट महत्त्वाची वाटते, कारण मुळात ही कल्पना शिक्षकांच्या हाती कारभार देण्याची होती. शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी १९८८ मध्ये ती उचलून धरली होती. पुढे तेच तिचे टीकाकार झाले.

सिटी अकॅडमी समजून घ्यायची तर तिच्या पटाकडे पाहावे लागते. इथे येणारी मुले साधारण सोळा ते एकवीस वर्षांची. बहुतेकांची क्रेडिट, म्हणजे विषय पुरे केल्याबद्दल मिळणारे श्रेयांक, अपुरी, घरची गरिबी, काहींना नोकरी तर काहींना स्वतःचे मूल सांभाळायचे. लाओसमधून १९७५ नंतर आलेल्या ह्मोंग निर्वासितांची मोठी वस्ती सेंट पॉलमध्ये आहे. ईस्ट साइडला त्यांच्याबरोबर कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबेही राहतात. शहरी चार्टर शाळांचा पट अशा वस्तीचाच असतो, त्यामुळे त्या वांशिकदृष्ट्या एकरंगी होतात, असा आक्षेप मिनेसोटात अनेक वर्षे आहे. २०१५ मध्ये दाखल झालेल्या एका खटल्यात चार्टर शाळांना वंशविलगीकरणविरोधी नियमांतून दिलेल्या सवलतीलाच आव्हान दिले गेले. २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ वांशिक असमतोल दाखवणे पुरेसे नाही, त्या असमतोलामुळे शिक्षण निकृष्ट झाले हे दाखवावे लागेल. आक्षेपात तथ्य आहे. पण जी शाळा गळालेल्या मुलांसाठीच उघडली, तिच्या वर्गात शहराचे सरासरी चित्र कसे दिसणार?

पैसाही पटाच्याच मागे चालतो. आपल्याकडच्या अनुदानित शाळेत सरकार मंजूर पदांचे पगार देते. पट घसरला की संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतो, पण त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होऊ शकते. चार्टर शाळेत पद मंजूर होत नाही. राज्य दर मुलामागे रक्कम देते आणि पगार, वीज, पुस्तके, सगळे त्यातूनच भागवायचे. गरीब मुलांच्या प्रमाणात राज्याचा आणि संघराज्याचा जादा निधी मिळतो. स्थानिक शिक्षण मंडळासारखा मालमत्ता कर मात्र बसवता येत नाही. राज्याच्या पैशातून इमारत विकत घेता येत नाही, म्हणून भाड्यासाठी वेगळे साहाय्य आहे. त्यालाही दर मुलामागे कमाल मर्यादा आहे.

मिनेसोटात सलग पंधरा शाळेचे दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव पटावरून निघते आणि त्याच्यामागचा पैसा थांबतो. अडखळत परत आलेल्या मुलांच्या शाळेत हे वारंवार घडू शकते. चार मुले गेली म्हणून गणिताच्या शिक्षकाचा पगार चार मुलांपुरता कमी होत नाही. हजाराच्या पटात हा धक्का जिरतो. ३५ च्या पटात एक मूल म्हणजे जवळजवळ तीन टक्के उत्पन्न.

निकालांचेही तसेच. राज्याची वाचनाची चाचणी दहावीत, गणिताची अकरावीत. चाचणीला वीस मुले बसली तर एका मुलाने निकाल पाच टक्क्यांनी हलतो, म्हणून अशा शाळेचा एका वर्षाचा आकडा घेऊन शिक्षकांची परीक्षा करू नये. पदवीदराचा हिशोब त्याहून कठोर आहे. नववीत प्रवेश केल्यापासून चार वर्षांत किती मुलांनी हायस्कूल पुरे केले, हे त्यात मोजतात. दुसऱ्या शाळेत तीन वर्षे वाया गेलेले मूल इथे दाखल झाले की त्याची गणना नव्या शाळेच्या खात्यावर होते. एकोणिसाव्या वर्षी त्याने डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पुरे केल्याचे प्रमाणपत्र, मिळवला तरी चार वर्षांच्या आकड्यात ते अपयशच. मिनेसोटा पाच, सहा आणि सात वर्षांचे दरही जाहीर करते. अशा शाळेबद्दल खरे काही सांगतात ते हेच आकडे.

देशभरच्या सरासरींचाही इथे फारसा उपयोग नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राला २००९ मध्ये गणितात फक्त १७ टक्के चार्टर शाळा तुलनेतल्या सरकारी शाळांपेक्षा सरस आढळल्या, ३७ टक्के मागे होत्या. २०१५ मध्ये त्याच केंद्राने ४१ शहरी भाग तपासले, तेव्हा तिथल्या चार्टर शाळांतील मुले सरासरीने पुढे दिसली. दोन्ही अभ्यास वर्षागणिक चाचणीतली वाढ मोजतात. शाळा सोडून गेलेले मूल पुन्हा वर्गात येऊन बसले, याची नोंद त्या मोजणीत नाही.

संघराज्याच्या २०१५ च्या शिक्षण कायद्यानुसार ६७ टक्क्यांखाली पदवीदर असलेले प्रत्येक हायस्कूल सुधारणेच्या यादीत जाते. गळालेल्या मुलांना परत आणणाऱ्या शाळांसाठी वेगळे उपाय योजण्याची आणि शंभरांहून कमी पट असलेल्या शाळांना त्यातून सूट देण्याची मुभा त्याच कायद्याने राज्यांना दिली आहे.