पासवर्डवाली झिप आणि मेलमध्ये अडणारी ईएक्सई : पार्श्वभूमी

मेलने ईएक्सई, म्हणजे विंडोजमध्ये थेट चालणारी प्रोग्रामची फाइल, पाठवण्यावरची बंदी मेलच्या मूळ रचनेत नव्हती. मेलला फाइल जोडण्याच्या, १९९२ मध्ये आलेल्या माइम पद्धतीत कोणत्याही प्रकारची फाइल चाले. तीन बाइटची चार अक्षरे करून ती मजकुरासारखी पाठवली जाई. आजही तसेच होते. म्हणून मेलला २५ एमबीची मर्यादा असेल आणि ती या रूपांतरानंतरच्या आकारावर मोजली जात असेल, तर प्रत्यक्षात १८ एमबीच्या आसपासचीच फाइल बसते.

अडवणूक खरी सुरू झाली ती मे २००० मधल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसनंतर. त्याच्या फाइलीचे नाव ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ असे संपत होते आणि विंडोज ओळखीचे एक्स्टेन्शन, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे, लपवत असल्यामुळे ती साधी मजकुराची फाइल वाटे. पुढच्याच महिन्यात आउटलुक या मेल प्रोग्रामसाठी आलेल्या अपडेटने ईएक्सई, बॅट, एससीआर, पीआयएफ अशा, उघडताच चालू होऊ शकणाऱ्या प्रकारांची यादीच बंद करून टाकली. फाइल मेलमध्ये असे, जागाही खाई, पण उघडता येत नसे आणि सेव्हही करता येत नसे. कडक वाटला तरी त्या वेळी तो निर्णय योग्यच होता.

मग पळवाटा आल्या. ‘.ईएक्सई’चे ‘.टीएक्सटी’ करायचे आणि मिळाल्यावर नाव बदलून घ्यायचे, ही युक्ती मेल तपासणारे फिल्टर फक्त नाव पाहत होते तोवर चालली. विंडोजची प्रत्येक ईएक्सई ‘एमझेड’ या दोन अक्षरांनी सुरू होते. फिल्टर ती वाचू लागल्यावर युक्ती संपली. साधी झिपही टिकली नाही, कारण फिल्टर ती उघडून आत पाहतात.

उरली पासवर्डवाली झिप. सगळा घोळ तिच्याभोवती आहे, कारण ‘सुरक्षित’ हा शब्द तिच्या बाबतीत दोन उलट अर्थांनी वापरला जातो. पाठवणाऱ्याच्या लेखी सुरक्षित म्हणजे वाटेत कोणी वाचू शकणार नाही. सर्व्हरच्या लेखी सुरक्षित म्हणजे आत काय आहे ते तपासता आले. पासवर्ड लावला की दुसरा अर्थ आपोआप मोडतो. २००४ च्या सुरुवातीला बॅगल व्हायरसने नेमके हेच केले. त्याने स्वतःला पासवर्डवाल्या झिपमध्ये भरले आणि पासवर्ड मेलच्या मजकुरातच दिला. फिल्टर मजकुरातून पासवर्ड उचलू लागले, तेव्हा तो चित्र म्हणून येऊ लागला.

पहिला अर्थही वाटतो तितका भक्कम नाही. झिपचे जुने झिपक्रिप्टो एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये म्हणून केलेले रूपांतर) मोडण्याची पद्धत १९९४ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तिला मूळ फाइलीतले जेमतेम १२ माहीत असलेले बाइट पुरतात, आणि ईएक्सईच्या सुरुवातीचा, विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीसाठी ठेवलेला भाग बहुतेक फाइलींत सारखाच असतो. कॉम्प्रेस न करता ‘स्टोअर’ पर्यायाने झिप केली, तर हे बाइट आयतेच हाती येतात. तरीही सेव्हन-झिप या झिप करण्याच्या प्रोग्राममध्ये झिप प्रकार निवडला की आधीपासून झिपक्रिप्टोच निवडलेले असते. एईएस-२५६ हे अधिक भक्कम एन्क्रिप्शन स्वतः निवडावे लागते. शिवाय झिपमध्ये आतल्या फाइलींची नावे उघडीच राहतात. ‘सेटअप.ईएक्सई’ हे नाव पासवर्डशिवाय दिसते आणि मेल तिथेच अडतो. सेव्हन-झिपच्याच सेव्हन-झेड या दुसऱ्या प्रकारात नावेही एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय आहे, पण मग अनेक सर्व्हर ‘तपासता येत नाही’ एवढ्याच कारणाने फाइल बाजूला काढतात. यात सर्व्हरला दोष देणे अन्यायाचे आहे.

आधी झिप आणि मग त्याच पत्त्यावर दुसऱ्या मेलने पासवर्ड, ही जपानमध्ये रुळलेली पद्धतही टीकेची धनी झाली. एक मेल वाचू शकणारा दुसराही वाचतो. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या सरकारी कार्यालयांत ती बंद करण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी इमोटेट हा व्हायरसही पासवर्डवाल्या झिपमधून पसरत होता.

आता फाइल मेलमध्ये न घालता ठराविक लोकांनाच उघडेल अशी लिंक दिली जाते. तिच्यासोबत फाइलीचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलीवरून काढलेली आणि फाइल बदलली की बदलणारी अक्षरांची ओळ, फोनवर किंवा दुसऱ्या मार्गाने कळवायचा. तो ६४ अक्षरांचा असतो आणि विंडोजमध्ये सर्टयुटिल किंवा पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅश या आज्ञेने काढता येतो. घेणाऱ्याने सगळी अक्षरे जुळवावीत. पहिली-शेवटची चार पाहून भागत नाही. हॅश त्याच मेलमध्ये लिहिला, तर फाइल बदलणारा हॅशही बदलेल. ईएक्सईवर तिच्या निर्मात्याची डिजिटल सही असेल, तर तिला टाइमस्टॅम्प (सही कधी केली याची नोंद) घ्यावा, नाहीतर सही ज्या प्रमाणपत्राने केली त्याची मुदत संपली की सहीही अवैध ठरते.

उतरवलेल्या फाइलीवर इंटरनेटची खूण, म्हणजे ती बाहेरून आल्याची नोंद, ठेवण्याची सोय विंडोजमध्ये २००४ पासून आहे आणि फाइल उघडताना येणारी धोक्याची सूचना या खुणेवरच अवलंबून असते. सेव्हन-झिपमध्ये ही खूण आतल्या फाइलींपर्यंत नेण्याचा पर्याय २०२२ मध्ये आला, तोही स्वतः चालू करावा लागतो. तो बंद असला, तर झिपमधून काढलेली ईएक्सई त्या संगणकावरच तयार झाल्यासारखी, सूचना न देता चालते.

संस्थेच्या मेलमधूनच फाइल जायला हवी असेल, तर सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून त्या एका फाइलीच्या हॅशला परवानगी घ्यावी. पाठवणाऱ्याच्या पत्त्याला सरसकट सूट मागू नये, कारण तो पत्ता कोणीही खोटा लावू शकतो.