न्यूयॉर्कचा फुकटातला उन्हाळा आला कुठून?

जून लागला की न्यूयॉर्कमधल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडायला लागतो, आज सेंट्रल पार्कात आफ्रिकेतल्या माली देशाचा बँड, शनिवारी ब्रुकलिनला कोलंबियाचं कुंबिया नावाचं नाचाचं संगीत, येताना चटई आणा, डबा आणा, तिकीट नाहीये. नवीन आलेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो की तिकीट नाही म्हणजे? ज्या शहरात सँडविच घ्यायचं तर खिसा चाचपावा लागतो तिथे एवढे मोठे कलाकार फुकट? मीपण विचारलं होतं. कुणाला नीट सांगता आलं नाही म्हणून वाचत गेलो तर लक्षात आलं की हे कुणी उदार मनाने बहाल वगैरे केलेलं नाही, उकाडा, बेकारी, कोर्टकचेरी, दंगलींची धास्ती असं बरंच काही मागे आहे, आणि गवत आहे. हो, गवत. सांगतो.

आपल्याकडे तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास सीझन आटोपतो, कारण पुढे पाऊस. तिकडे बरोबर उलटं, आपला सीझन संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. पण जुन्या काळी तिथेही उन्हाळा म्हणजे मंदीच. एसी नव्हते, बंद नाट्यगृहात जीव गुदमरायचा, त्यामुळे थिएटरं चक्क बंद ठेवायचे, मग १८८० च्या दशकात कुणीतरी शक्कल काढली आणि गच्चीवरची थिएटरं सुरू झाली. पैसेवाले लोक समुद्रावर नाहीतर डोंगरात निघून जायचे. शहरात उरायचे ते चाळीवजा बिल्डिंगांमधे दाटीवाटीने राहणारे इटालियन, ज्यू, आयरिश कामगार, जे रात्री लोखंडी जिन्यांवर आणि गच्च्यांवर झोपायचे.

या उरलेल्यांसाठी पार्कातलं संगीत होतं. सेंट्रल पार्क अजून पुरतं बांधून झालं नव्हतं तेव्हाच, १८५९ मधे, तिथे पहिली कॉन्सर्ट झाली. १९०५ पासून नाउमबर्ग घराण्याच्या पैशातून मोफत ऑर्केस्ट्रा सुरू झाला आणि त्यांनीच दिलेलं दगडी व्यासपीठ १९२३ मधे उभं राहिलं, ते आजही आहे. पुढे वरच्या अंगाला, काळ्या लोकांच्या हार्लेम वस्तीजवळ, सिटी कॉलेजच्या लुइसन स्टेडियममधे १९१८ ते १९६६ अशा उन्हाळी मैफली चालल्या, स्वस्तातलं तिकीट २५ सेंटचं. १९२५ मधे मॅरियन अँडरसन ही कृष्णवर्णीय गायिका स्पर्धा जिंकून न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर गायली ती इथेच. पण एकूण वाजायचं ते बहुतेक युरोपातलंच. विविधता असली तर ती ऐकणाऱ्यांत, स्टेजवर नाही.

मधेच एक गोष्ट सांगून टाकतो जी सहसा कुणी सांगत नाही. १९४२ मधे अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार घातला, म्हणणं असं की आमच्याच तबकड्या वाजवून आमचाच धंदा बसवताय. बरीच वर्षं ताणाताणी झाली आणि १९४८ मधे रेकॉर्ड कंपन्यांच्या पैशातून एक फंड निघाला, त्या फंडातून वादकांना मानधन द्यायचं आणि लोकांना कार्यक्रम मोफत दाखवायचा. म्हणजे पार्कातल्या फुकट बँडचं बिल कधीकधी संपाने भरलेलं आहे.

आता गवताची गोष्ट. जोसेफ पॅप नावाचा माणूस, १९२१ चा जन्म, ब्रुकलिनच्या गरीब ज्यू कुटुंबातला, मूळ आडनाव पापिरोफ्स्की. लहानपणी पब्लिक लायब्ररीतून पुस्तकं आणून शेक्सपिअर वाचलेला, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं की लायब्ररी फुकट असते तर नाटक का नको. १९५६ मधे त्याने ईस्ट रिव्हरच्या काठावर उघड्यावर प्रयोग लावले. १९५७ मधे ट्रकवर घडीचं स्टेज बसवून वस्त्यावस्त्यांत फिरला, अगदी आपल्या फडासारखा, आणि सांगतात की तो ट्रक सेंट्रल पार्कात बंद पडला आणि मंडळी तिथेच मुक्कामाला राहिली. खरंखोटं देव जाणे, पण गोष्ट इतकी छान आहे की मी तरी ती तशीच सांगणार.

समोर होता रॉबर्ट मोझेस. शहराचे पूल, हायवे, पार्क सगळं त्याच्या हातात, निवडून न येता चाळीस वर्षं सत्ता गाजवलेला अधिकारी. १९५९ मधे त्याने फर्मान काढलं की तिकीट लावा आणि त्यातला वाटा पार्कला द्या, कारण प्रेक्षक बसून बसून गवताची नासाडी होते. पॅप म्हणाला तिकीट लावणार नाही. आदल्याच वर्षी त्याला कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून संसदेच्या समितीपुढे उभं केलं होतं, टीव्हीतली नोकरी गेली होती (ती भांडून परत मिळवली), आणि मोझेसच्या बाजूने हा जुना विषयसुद्धा उकरून काढला गेला. म्हणजे गवत हे निमित्त. पॅप कोर्टात गेला, खाली हरला, वर जिंकला, वरच्या कोर्टाने सांगितलं की ही अट मनमानी आहे. गंमत पुढेच आहे, हरल्यावर त्याच मोझेसने तिथे कायमचं थिएटर बांधायला शहराकडे पैसे मागितले! प्रकाशक जॉर्ज डेलाकॉर्ट यांनी देणगी दिली आणि १९६२ मधे डेलाकॉर्ट थिएटर उघडलं, आज साधारण १८०० खुर्च्या, तिकीट शून्य. साठच्या दशकाच्या मध्यात पॅपची फिरती नाटकं स्पॅनिशमधूनही होऊ लागली, कारण प्यूर्टो रिकोहून आलेली माणसं आता शहरभर होती. स्टेजवरची भाषा बदलायला सुरुवात झाली ती अशी.

पण खरा पैसा भीतीने सुटला, हे बोलायला लोक जरा कचरतात. जुलै १९६४ मधे एका पोलिसाने एका पंधरा वर्षांच्या काळ्या मुलाला गोळी घातली आणि हार्लेम पेटलं. पुढची तीनचार वर्षं प्रत्येक उन्हाळ्यात कुठलं ना कुठलं शहर जळत होतं, त्यामुळे महापौर जॉन लिंडसेच्या काळात उन्हाळ्यात वस्त्यांमधे काहीतरी चालू ठेवा, पोरांना गुंतवून ठेवा असं धोरणच झालं. याचा अर्थ कलाकार सरकारी प्यादी होते असा मुळीच नाही. जॅझमोबिल बघा, १९६४ मधे डॅफ्नी आर्नस्टीन आणि पियानिस्ट बिली टेलर यांनी काढलेला उपक्रम, चाकांवरचं स्टेज गल्लीच्या तोंडाशी उभं करायचं आणि मोठमोठे जॅझवाले थेट दारात वाजवणार. ज्या गल्ल्यांत जॅझ वाढला तिथल्याच लोकांना क्लबचं तिकीट परवडत नव्हतं, त्यावरचा हा उपाय.

आणि मग १९६९. त्या उन्हाळ्यात वुडस्टॉकचा रॉक संगीताचा महोत्सव झाला हे सगळ्या जगाला माहितीये. त्याच उन्हाळ्यात हार्लेमच्या माउंट मॉरिस पार्कात (आता मार्कस गार्वी पार्क) सहा रविवार हार्लेम कल्चरल फेस्टिव्हल झाला, नीना सिमोन, स्टीव्ही वंडर, महालिया जॅक्सन, क्यूबाचा मोंगो सांतामारिया, एकूण तीन लाखांच्या आसपास माणूस, सगळं मोफत, स्पॉन्सर एक कॉफी कंपनी, आणि महापौर लिंडसे स्वतः स्टेजवर. आयोजक होता टोनी लॉरेन्स, स्वतः गायक. बंदोबस्ताला काही दिवस ब्लॅक पँथर या काळ्यांच्या लढाऊ संघटनेची पोरं होती. चाळीसएक तासांचं शूटिंग झालं, त्यातला थोडासाच भाग तेव्हा टीव्हीवर दिसला आणि बाकीचं घ्यायला कुणी पुढे आलं नाही. जवळजवळ पन्नास वर्षं रिळं पडून राहिली, २०२१ मधे त्यावर डॉक्युमेंटरी आली तेव्हा तिथे लहानपणी गेलेल्या लोकांना स्वतःचीच आठवण खरी निघाल्यासारखं झालं. मला त्यातलं गाणं आवडलंच पण जास्त वेळ मी गर्दी बघत बसलो, नटूनथटून आलेल्या बाया, झाडावर चढलेली पोरं, डबे उघडून बसलेली कुटुंबं, जत्राच की.

कॅरिबियन लोकांचं प्रकरण वेगळं आणि आपल्याला एकदम पटणारं. त्रिनिदादचा कार्निव्हल असतो ख्रिश्चनांच्या लेंटच्या उपासांच्या आधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधे. न्यूयॉर्कमधे तेव्हा बर्फ, पिसं लावून उघड्या अंगाने रस्त्यावर नाचणार कसं? म्हणून १९२० च्या दशकापासून हार्लेमच्या बॉलरूममधे आत नाच व्हायचे. जेसी वाडेल नावाच्या त्रिनिदादच्या बाईंनी १९४७ मधे रस्त्यावरच्या परेडचं परमिट काढलं आणि कार्निव्हल सरळ उचलून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, नेऊन ठेवला. अमेरिकेतली आपली मंडळं गणपती तिथीला न बसवता वीकेंडला बसवतात ना, अगदी तस्संच. साठच्या दशकात गडबडीमुळे हार्लेमचं परमिट गेलं, मग कार्निव्हल ब्रुकलिनला सरकला आणि १९६९ पासून ईस्टर्न पार्कवे हा रस्ता त्याचा झाला, तेलाच्या पिंपापासून बनवलेले स्टीलपॅन, सोका नावाचं तिकडचं नाचाचं संगीत, रंगवलेली अंगं. १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्याने देशवार कोटे काढून टाकले होते, त्यामुळे कॅरिबियनहून येणारा माणूस वाढतच गेला. आपली मंडळीही त्याच कायद्याने आली हे विसरू नका. लंडनच्या नॉटिंग हिलचा कार्निव्हलही ऑगस्टमधे असतो, तिथेही थंडीच आडवी आली होती.

सत्तरच्या दशकात शहराची तिजोरी रिकामी झाली, १९७५ मधे दिवाळं निघायला आलं होतं, पार्कात दिवसाढवळ्या जायला लोक घाबरायचे. तेव्हा लोकांनी स्वतःच सोय केली. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समधे सेजविक ॲव्हेन्यूवरच्या बिल्डिंगच्या हॉलमधे सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा उघडायच्या आधी कपड्यांचे पैसे जमवायला पार्टी ठेवली, रेकॉर्ड वाजवायला भाऊ, जमैकाहून आलेला डीजे कूल हर्क. हिपहॉपचा जन्म म्हणतात तो हा. मग गर्दी मावेना म्हणून बाहेर पार्कात, आणि वीज? रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून. आपल्याकडे मंडपाला आकडा टाकतात त्यातलाच प्रकार.

१९७९ मधे ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कात सेलिब्रेट ब्रुकलिन सुरू झालं ते याच हेतूने, की लोक गाण्याला आले तर पार्क पुन्हा लोकांचं होईल. १९८६ मधे सेंट्रल पार्कात समरस्टेज हा मोफत कार्यक्रमांचा उपक्रम आला, पहिल्याच वर्षी जॅझवाला सन रा वाजवून गेला, १९९० मधे ते रम्सी प्लेफील्डवर हललं आणि तिथून पुढे सेनेगल, पाकिस्तान, ब्राझील, हैती, सगळं जग त्या एका मैदानावर येऊन गेलं.

लिंकन सेंटर या नाट्य-संगीतगृहांच्या मोठ्या संकुलाचं कौतुक मात्र मला जरा हात राखूनच करावंसं वाटतं. आज तिथल्या चौकात उन्हाळाभर मोफत साल्सा, भांगडा, सगळं असतं आणि मजा येते, खोटं कशाला बोलू. पण ती जागा म्हणजे सॅन हुआन हिल, काळ्या आणि प्यूर्टो रिकन लोकांची वस्ती, पन्नासच्या दशकात त्याच मोझेसने सात हजारांवर कुटुंबं उठवून सपाट केलेली. १९७१ मधे तिथल्या मोकळ्या चौकात वस्त्यांमधल्या पथनाट्यांचा महोत्सव भरवला गेला, म्हणजे उठवलेल्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. २०२२ मधे मोठा हॉल नव्याने उघडला तेव्हा त्रिनिदादच्या एटिएन चार्ल्स या संगीतकाराला सॅन हुआन हिलवरच रचना करायला सांगितलं. साठएक वर्षांनी.

आपल्याकडचं म्हणाल तर १९८१ पासून ऑगस्टमधे इंडिया डे परेड निघते आणि हल्ली तिच्यात ढोल-ताशा पथकंही असतात. क्वीन्समधल्या फ्लशिंगचं गणेश मंदिर १९७७ चं, तिथे गणपतीचा रथ रस्त्यावरून निघतो, दुतर्फा चिनी आणि कोरियन दुकानदार बाहेर येऊन फोनवर शूट करतात.

आणि गवत? ते अजून भांडतंय. २००४ मधे इराक युद्धाविरुद्ध अडीच लाख लोकांची सभा सेंट्रल पार्कच्या ग्रेट लॉनवर घ्यायची होती तर शहराने परवानगी नाकारली, कारण गवत खराब होईल. आत्ताही पाऊस पडून लॉन ओलं असेल तर लाल झेंडा लावून गेट बंद करतात, म्हणून चटई बांधायच्या आधी झेंड्याची चौकशी केलेली बरी.