हंगामी कीटकसंख्येतील असाधारण बदल (नाशिक परिसर)

ठरावीक ऋतूत, ठरावीक झाडापिकावर येणारे कीटक नेहमीपेक्षा फार जास्त किंवा फार कमी दिसणे, त्यांची येण्याची वेळ मागेपुढे होणे, किंवा पूर्वी न आढळलेली जात एकाएकी दिसू लागणे, यांना कीटकसंख्येतील असाधारण बदल म्हणतात. असाधारण काय हे ठरवायचे तर आधी साधारण काय ते ठाऊक हवे, आणि नाशिक जिल्ह्यात ते गावागणिक बदलते. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा मुसळधार पावसाचा डोंगरपट्टा, मध्ये निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा आणि पूर्वेला येवला-नांदगावचा कोरडा मुलूख. एका तालुक्याची नोंद दुसऱ्याला लावता येत नाही.

वळवाच्या पहिल्या सरी पडल्या की तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुलिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर जमतात. ही वेळ शेतकऱ्याला नेमकी ठाऊक असावी लागते. भुंगेऱ्यांची अंडी जमिनीत गेली, की पुढे अळ्या ऊस-भुईमुगाची मुळे खातात आणि तेव्हा उपाय अवघड होतो. म्हणून फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकण्याचे काम त्या मोजक्या संध्याकाळीच करायचे असते. वळीव लवकर आला तर ते लवकर निघतात, आणि तारखेवर विसंबणाऱ्याची संधी हुकते.

मेअखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत इगतपुरीच्या डोंगरांत आणि शेजारच्या भंडारदरा परिसरात काजवे चमकतात. मृग नक्षत्राच्या सुमारास लाल मखमली मृगाचा किडा दिसतो. शास्त्राच्या हिशेबात तो आठ पायांचा, कोळ्यांच्या गणगोतातला जीव आहे, पण पेरणीच्या दिवसांची खूण म्हणून जुनी माणसे त्याची वाट पाहत, आणि म्हणूनच तो दिसेनासा झाल्याचे आधी त्यांच्याच लक्षात येते. चांगला पाऊस झाला की वाळवीचे पंख फुटलेले नर-मादी दिव्यांभोवती गर्दी करतात. पावसाळा सरताना शेतांवर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. त्यांतली पँटाला फ्लॅवेसेन्स ही जात भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत स्थलांतर करते. तिचे थवे वाऱ्यापावसावर चालतात. त्यामुळे एखाद्या वर्षी ते कमी दिसले म्हणून लगेच घट झाली असे म्हणता येत नाही.

कीटकांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर ठरते, म्हणून थंडी-उष्णतेतला थोडा फरकही त्यांच्या पिढ्यांचा वेग बदलतो. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावर नोंदले जाणारे हिवाळ्यातले नीचांकी तापमान दरवर्षी चर्चेत असते. अशा कडाक्यात किडींची वाढ मंदावते. याउलट डिसेंबरात आभाळ भरून राहिले आणि रात्री उबदार गेल्या, तर मावा आणि तुडतुडे वाढू शकतात. पीकपद्धतीचाही वाटा मोठा आहे. खरीप, रांगडा आणि उन्हाळ असा कांदा वर्षाचा बराच काळ शेतात उभा असल्याने फुलकिड्यांना (शेतकऱ्यांच्या बोलण्यात थ्रिप्सना) खाद्य सहसा खंडत नाही. एकाच प्रकारच्या फवारण्या वारंवार झाल्या की किडीला खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि मागाहून कीड उसळते.

नव्या जातींपैकी टोमॅटोवरची टूटा ही नागअळी भारतात 2014 मध्ये महाराष्ट्रातच प्रथम आढळली. अमेरिकी लष्करी अळी 2018 मध्ये कर्नाटकात दिसली, त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली, आणि 2019 च्या खरिपात नाशिकच्या मका उत्पादकांना तिने हैराण केले. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके ही तिची ओळख. मक्याच्या पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) विष्ठेचा भुसा दिसला तरी तिचा संशय घ्यावा.

मोजणीसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर ओढणारे), प्रकाश सापळे, पिवळे-निळे चिकट सापळे वापरतात. सापळा त्याच जागी आणि ठरलेल्या दिवसांच्या अंतराने तपासला, तरच आकड्यांची तुलना करता येते. पौर्णिमेच्या आसपास प्रकाश सापळ्यात कीटक कमी येतात. चंद्र विचारात न घेता काढलेली घट खोटी ठरू शकते. 2008 मध्ये विदर्भात सोयाबीनवर अळीचा उद्रेक झाल्यावर राज्याने 2009-10 पासून क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. ही मोठी व्यवस्था आहे, पण तिची नजर पिकाच्या शत्रूंवर आहे. उद्रेक कोणालाही दिसतो, उणीव मात्र मोजल्याशिवाय दिसत नाही. जर्मनीतल्या हौशी कीटक अभ्यासकांनी संरक्षित क्षेत्रांत एकाच पद्धतीचे सापळे 27 वर्षे लावले, म्हणून उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन 75 टक्क्यांहून अधिक घटल्याचे 2017 मध्ये मांडता आले. काजवे आणि मधमाश्यांसाठी अशा संयमाची गरज आहे. रिकाम्या फेरीचीही नोंद झाली पाहिजे : तारीख, गाव, झाड, वेळ, हवा, आणि पुढे शून्य.

नाशिकमध्ये मधमाश्यांची उणीव सर्वांत आधी कांदा बियाण्याच्या शेतात जाणवते. डेंगळ्यांच्या (फुलांचे गोंडे धरणाऱ्या कांद्याच्या दांड्यांच्या) एकेका फुलात परागकण आधी सुटतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे फुलाचे स्वतःच्या परागाने काम होत नाही. पराग वाहून न्यायला कीटक लागतातच. कड्यांवर पोळी बांधणाऱ्या आग्या माश्या हंगामानुसार मुक्काम हलवतात, तेव्हा एखादा कडा रिकामा दिसला तर पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा पाहावे. डेंगळे फुलल्यावर सकाळी, ऊन चढू लागले की ठरावीक गोंडे निवडून त्यांवरच्या माश्या मोजाव्यात. त्या कमी भरल्या तर शेताजवळ सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवता येतात, आणि फुलोऱ्यात टाळताच न येणारी फवारणी माश्या परतल्यावर, संध्याकाळी उरकता येते.