कॅसेट डीव्हीडीवर घेतली की चित्र आपोआप सुधारतं?

लग्ना-मुंजीच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर उतरवल्या की चित्र लख्ख होतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम 240 रेषांइतका तपशील असतो. डीव्हीडीची चौकट 720 बाय 576 पिक्सेलची असली, तरी टेपवर जे नाहीच ते ती कुठून आणणार?

दर्जा ठरतो तो कॅसेट वाजवताना. व्हीसीआरचं हेड (टेप वाचणारा भाग) स्वच्छ हवं, ट्रॅकिंग, म्हणजे टेपवरच्या चित्राच्या पट्ट्यांवरून हेडचं नेमकं फिरणं, नीट जुळलेलं हवं. थरथरणाऱ्या, वाकड्या झालेल्या कडा सरळ करायला टाइम बेस करेक्टर नावाचं उपकरण लागतं. पैसे खर्च करायचेच असतील तर माझ्या मते यावर करावेत. बुरशी धरलेली कॅसेट (आपल्या पावसाळी हवेत ती धरतेच) साफ केल्याशिवाय मशीनमध्ये घालूच नका. हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटींनाही बुरशी लागते.

4.7 जीबीच्या एकाच डिस्कवर सहा तास कोंबले, तर वरातीत नाचणाऱ्यांचे चौकोनी तुकडे दिसतात. एक तास घ्या, फार तर दोन. मूळ कॅसेट मात्र फेकू नका. घरी लिहिलेली डीव्हीडीही कालांतराने वाचेनाशी होऊ शकते, म्हणून एक प्रत हार्ड डिस्कवरही ठेवा.